पाटाखालची सोयरीक

चौथीच्या पोरांना जिल्ह्याचा भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पुस्तकात आमच्या भागाला जेमतेम अर्धं पान. उत्तरेकडचा भाग जिराईत, दक्षिणेकडचा बागाईत, कालव्यामुळे ऊस आणि भाजीपाला, जमीन काळी व सुपीक, लोकसंख्या अमुक. पोरं घोकायची आणि मी फळ्यावर एक आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे पाट. रेघेच्या वर कोरडं, रेघेच्या खाली हिरवं. तपासणीला आलेले साहेब त्या रेघेचं कौतुक करायचे, म्हणायचे, बाई, सोपं करून सांगता. सोपं कसलं डोंबल. त्या रेघेच्या वरून खाली माझी थोरली बहीण दिली होती, आणि ती कशी दिली ते सांगायचं तर अर्धं पान पुरत नाही. आता नोकरी संपली, अक्काही गेली. माझं लिहिणं तपासायला कुणी येणार नाही, तेव्हा लिहून टाकते.

आम्ही रेघेच्या वरचे. कऱ्हाटीच्या बाजूला, गावापासून लांब माळावर आमची वस्ती होती. चार घरं, बाभळी आणि मेंढरं. कऱ्हा नदी नावाला जवळ. पावसाळा सोडला तर तिच्यात नुसती वाळू. त्या वाळूत झिरा खणायचा, पाझरेल तसं पाणी वाटीनं घागरीत भरायचं, आणि ती घागर डोक्यावर घेऊन माळ चढायचा. हे काम आईचं आणि अक्काचं. अक्काचं नाव हौसा. मी शेवंता, तिच्याहून बरीच धाकटी, म्हणून माझ्याकडे फक्त वाटी असायची. लहानपणी पाणी सांडलं म्हणून मी जेवढा मार खाल्ला तेवढा दुसऱ्या कशासाठी खाल्ला नाही. आंघोळीला बसायचं ते परातीत, आणि परातीतलं पाणी कोंबड्यांना. खायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, एखाद्या दिवशी मटकीची उसळ. आता लोक हुलग्याचं माडगं हॉटेलात पैसे देऊन पितात आणि त्याचे फोटो काढतात. मला अजून ते घशाखाली उतरत नाही.

वरच्या गावांत पोर वयात आली की बायकांच्या तोंडी एकच बोलणं असायचं, "पाटाखाली पडू दे गं बया." मुलगा काळा का गोरा, शिकलेला का अंगठेबहाद्दर, हे कुणी विचारायचं नाही. पाटातून फुटलेली चारी बांधाला लागून आहे का, पाळीचं पाणी किती दिवसांनी येतं, हे विचारायचे. आणि खालची माणसं आमच्याकडे मुली द्यायची नाहीत. कशाला देतील? त्यामुळे वरच्या गावांतून मुली खाली जायच्या आणि मुलं बिनलग्नाची राहायची. जनगणनेवाले दारात येऊन बायका किती, पुरुष किती, ते लिहून न्यायचे. बायका कुठं गेल्या ते त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही.

दिवाळी सरली की आबा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं घेऊन खाली उतरायचे. आम्हीही बरोबर. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य द्यायचा. आबांना शेतीतलं ओ की ठो कळायचं नाही, आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचे. पण मेंढरातलं त्यांच्याइतकं कुणाला कळायचं नाही. कुठलं गवत खायचं, कुठलं पाणी प्यायचं, कुठल्या झाडाखाली थांबायचं, हे सगळं ते मेंढरांच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. एकदा एका डबक्याला मेंढरांनी तोंड लावलं नाही म्हणून त्यांनी आम्हालाही तहानेलं पुढं नेलं. मागून आलेल्यांची दोन जनावरं त्या पाण्यानं मेली. तेव्हापासून आईसुद्धा त्यांच्याशी वाद घालायची नाही. "मानूस फशिवंल," आबा म्हणायचे, "माझं मेंढरू मला न्हाय फशवायचं."

भवानीनगरच्या अलीकडे एक लहान बाजारगाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं माझी माणसं अजून राहतात, आणि जागांचे भाव हा त्यांच्या जिवाचा विषय आहे. त्या गावात तात्यांच्या रानात त्या वर्षी आमची मेंढरं बसली. तात्या म्हणजे पुढं अक्काचे सासरे झाले ते. बायको वारलेली, घरात एकुलता एक मुलगा, दोघंही हातानं भाकरी थापून खायचे. रान पाटाखाली, चारी अगदी बांधाला लागून. वरच्या अंगाला ऊस उभा होता, तो इतका दाट की पलीकडचं दिसू नये. खालच्या अंगाला रान मोकळं होतं, आणि मेंढरं तिथं गेली ती खिळलीच. गवत फारसं नव्हतं. तरी सगळी माना खाली घालून माती चाटत होती. कुत्रं भुंकलं, आबांनी शीळ घातली, एकही मेंढरू मान वर करीना.

आबा हरखून गेले. मी त्यांच्या बोटाला धरून उभी होते, मला त्यांचा चेहरा अजून दिसतो.

"तात्या, काय रान हाय वो तुमचं," ते म्हणाले. "माझी मेंढरं मातीसुदिक सोडंनात."

तात्या जरा वेळ मेंढरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रानाला काय धाड भरलीय, मारुतराव? पानी बख्खळ हाय. घरात बाईमानूस न्हाय, तेवढीच खोट."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मागणं घातलं. आई म्हणाली, "अवो, जरा मानसं तर बघा. पोरगा कसा हाय, काय हाय." आबा म्हणाले, "मानसं काय बघायची? रान बघितलं न्हवं?" आणि त्याच उन्हाळ्यात अक्का पाटाखाली पडली. आमच्या वस्तीवरच्या बायका तोंडात बोटं घालून राहिल्या. हौसाच्या दारात बारमाही पाणी म्हणे. एका चुलतीला तर रडूच आलं. अक्कासाठी का स्वतःच्या लेकींसाठी, ते देवाला ठाऊक.

आता जे पुढं कळलं ते इथंच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला कोडं पडायला नको. मेंढरू माती चाटतं ते मातीत मीठ असलं की. जनावराला मिठाची ओढ असते. वर माळावर आमच्या मेंढरांना मीठ कुठलं मिळायला? ती बिचारी हपापलेली. पाटाखालच्या रानांना वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजून खालच्या अंगाला मीठ वर यायला लागलं होतं. जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि निकामी, होत चालली होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पण आबांना कुणी सांगितलं नाही, कारण एवढी साधी गोष्ट ह्या माणसाला कळत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नसेल. तात्यांच्या मनात आलं असणार. ते बोलले नाहीत.

लग्नात मी पाठराखीण म्हणून अक्काबरोबर गेले. नव्या नवरीला सासरी परकं वाटू नये म्हणून धाकटी बहीण चार दिवस सोबत पाठवतात, तसली. त्या गावात हायस्कूल होतं, आमच्याकडे नव्हतं, आणि दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की तिला. शिकंल." दाजी कमी बोलायचे, पण ते एक वाक्य बोलले म्हणून मी पुढं मास्तरीण झाले. पाठराखीण म्हणून गेले ती शाळा संपेपर्यंत तिथंच राहिले.

ते गाव मी शाळेच्या वाटेनं पायाखाली घातलं. पाट मावळतीकडून उगवतीकडे वाहायचा आणि गाव त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. पाटाच्या वर माळ, माळावर मसणवटा, पाथरवटांची घरं आणि नंतर नंतर वरून खाली आलेली आमच्यासारखी माणसं. पाटाच्या खाली पेठ, मारुतीचं देऊळ, मशीद, पिठाची गिरणी, बाजारतळ. त्याच्याही खाली भाजीवाल्यांचे मळे, मग उसाची रानं, आणि सगळ्यांच्या शेवटी ओढा नीरेकडे जायचा. मळ्यातली माणसं भल्या पहाटे मेथीच्या जुड्या बांधायला बसायची आणि उजाडता उजाडता पहिल्या गाडीनं बारामतीच्या बाजारात. साखर कारखान्याचा भोंगा झाला की बायका चुली पेटवायच्या. दुसरा भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. वारा उलटा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरायचा, भाकरीलासुद्धा लागायचा. हंगाम सुरू झाला की लांबून ऊसतोडीवाले बैलगाड्या घेऊन यायचे आणि गाव दुप्पट व्हायचं. त्यांची पोरं आमच्या वर्गात खाली बसायची. होळी झाली की एका सकाळी वर्ग अर्धा रिकामा. पुस्तकात गावाची लोकसंख्या छापलेली असायची, ती कुठल्या महिन्यातली ते छापलेलं नसायचं. वालचंदनगरला कुणाचा मामा कंपनीत असला तर ते पोरगं वर्गात रुबाब करायचं, कारण तिथं म्हणे एकसारखी घरं आणि नळाला पाणी.

पाणी तर आमच्या दारातच होतं. अक्कानं पहिला महिना नुसतं धुतलं. लुगडी, वाकळा, पोती, तात्यांचं मुंडासं, बैलांच्या झुली. धुण्यासारखं काही राहिलं नाही तेव्हा तिनं म्हशीचं दावं धुतलं. चारीच्या कडेला दगडावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि माझ्याकडे बघून उगाच हसायची. मला म्हणायची, "शेवंते, सांड. सांड पानी. कोन काय म्हनत न्हाय." मी तांब्या उपडा करायची आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसायचो. त्या घरात पहिल्यांदा मी गव्हाची चपाती सण नसताना, आडवारी खाल्ली, काकवीशी भाकरी खाल्ली, कोवळी वांगी पोटभर खाल्ली. दाजी बाजारातून येताना अक्काला शेव-भजी आणायचे आणि तात्यांना दिसू नये म्हणून माझ्या दप्तरात घालायचे. सुख म्हणतात ते त्या घरात होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं आहे, पुढचं काहीही झालं तरी ते खोटं ठरत नाही.

पहिल्यांदा डाळ शिजेना. विहिरीचं पाणी घातलं की तुरीची डाळ चुलीवर दुपारपर्यंत टणक. अक्का स्वतःला दोष द्यायची, जाळ नीट लागत नाही म्हणायची. मग चहात दूध घातलं की दूध फुटायला लागलं. उन्हाळ्यात एकदा सकाळी मी रानाकडे बघितलं तर खालचं अंग पांढरं. मला वाटलं, कुणी रांगोळी सांडली. पायाला माती कुरकुरीत लागली. दुसऱ्या वर्षी ते पांढरं वर सरकलं, उसापर्यंत आलं. ऊस टक्कल पडल्यासारखा मधूनमधून जळाला. तात्यांचं एकच म्हणणं, पाणी द्या, मीठ धुऊन जाईल. दाजी पाण्याची पाळी आली की रानभर पाणी सोडायचे. जितकं पाणी द्यावं तितकं मीठ वर. उसाची मोळी कमी होत गेली तसं तात्यांचं बोलणं कमी होत गेलं, आणि एक दिवस ते ओसरीवर बसून अक्काला म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला मी सांगायला पायजे व्हतं." अक्का भाकरी थापत होती, मी शेजारीच बसले होते. ती म्हणाली, "काय सांगायला पायजे व्हतं?" तात्यांनी सांगितलं. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि त्यांच्या ताटात वाढली. आबांना कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलं.

पण आबा आलेच. लेकीचं रान म्हणून फुकट मेंढरं बसवायला आले. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं खात नाही, म्हणून फडक्यात स्वतःची भाकरी बांधून. बांधावर बसून त्यांनी ती सोडली आणि समोर बघितलं. मेंढरं पुन्हा त्याच खालच्या अंगाला गेली होती, आणि आता तिथं गवताची काडी नव्हती. सगळं पांढरं. मेंढरं माना खाली घालून चाटत होती, तशीच, पहिल्यासारखी. आबा उठले. चालत तिथपर्यंत गेले, वाकले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मी शाळेतून येत होते, बांधावर उभी राहिले. ते थुंकले नाहीत. तसेच उभे राहिले. मग त्यांनी हातातली काठी उचलली आणि पुढच्या मेंढराच्या पाठीत घातली. मग दुसऱ्याच्या. आबांनी जन्मात कधी मेंढराला मारलं नव्हतं. वळवायचं झालं तरी ते काठी नुसती आडवी धरायचे. आता ते तोंडानं काही न बोलता मारत सुटले. मेंढरं ओरडत चहूकडे पांगली, आणि मार थांबला तशी पुन्हा तिथंच येऊन चाटायला लागली.

अक्का घरातून धावत आली. पोटुशी होती, तरी चिखलातनं पळत आली आणि आबांचा हात धरला. "आबा, मुकं जनावर हाय ते. त्येला काय कळतंय?"

"त्येला कळतंय गं," आबा म्हणाले. "मलाच कळलं न्हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी मेंढरं विकली. सगळी. आमच्या वस्तीवर कुणाचा विश्वास बसेना. मेंढरं नसलेले आबा म्हणजे घरात कुणी परका माणूस येऊन बसल्यासारखं वाटायचं. त्यानंतर ते दुसऱ्यांच्या रानात कामाला जायला लागले, आणि दर उन्हाळ्यात कुदळ-फावडं घेऊन अक्काकडे यायला लागले. शेतीखात्याचा कुणी माणूस गावात सांगून गेला होता की चर खणले तर मिठाचं पाणी निघून जातं. आबांनी चर खणायला घेतला. तात्या नको नको म्हणायचे, दाजी संकोचून त्यांच्याबरोबर खणायचे. चर चांगला छातीइतका खोल झाला, खालच्या बांधापर्यंत गेला, आणि तिथं अडला. पुढं दुसऱ्याचं रान. त्याच्या रानातून चर गेल्याशिवाय पाणी ओढ्याला लागणार नाही, आणि तो काही केल्या ऐकेना. म्हणाला, "तुमचं मीठ माझ्या रानात कशाला?" त्याचं तरी काय चुकलं? पाणी वरून खाली येतं आणि खाली कुणीतरी असतोच. पावसाळ्यात चर भरायचा, त्यात बेडकं ओरडायची, कडा ढासळायच्या. पुढच्या उन्हाळ्यात आबा पुन्हा यायचे आणि तोच चर पुन्हा खणायचे. अक्काला मुलगा झाला. आता त्यांना तिच्या घरचं खायला हरकत नव्हती. तरी ते भाकरी बांधून आणायचे आणि चरात बसून खायचे.

अक्का आता दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायला लागली. पाटाखाली पडलेली हौसा, जिच्यावर सगळ्या वरच्या बायका जळायच्या, ती भाजीवाल्यांच्या वांग्यात उकिडवी बसून गवत काढायची. दाजी हंगामात कारखान्यात लागायचे, एरवी मिळेल ते करायचे. मी शाळेतून आले की अक्काच्या तळहाताला खोबरेल चोळायची. ती एक अक्षर बोलायची नाही. मला राग यायचा. एकदा मी म्हणाले, "अक्का, तू आबांना एकदा तरी भांडून घे. मोकळी तरी होशील." ती म्हणाली, "भांडून काय मीठ जातंय व्हय?" आणि उठून पाणी आणायला गेली. पिण्याचं पाणी ती तेव्हा पाटाच्या वरून, माळावरच्या आडातून आणायची. डोक्यावर घागर, वर माळावर.

परवा मी त्या गावाला गेले होते. तात्यांच्या रानात आता प्लॉट पडलेत. गाव तिथवर आलं. अक्काच्या मुलानं ते केव्हाच विकलं आणि तो चाकणला कंपनीत गेला, त्याला मी नावं ठेवत नाही. छान छान बंगले आहेत, दारात गाड्या. कारखान्यातली, एमआयडीसीतली, कुठून कुठून आलेली भाड्याची माणसं राहतात. भिंतींना खालून कमरेइतकं पांढरं चढलंय, रंगाचे पोपडे गळतात. एका परप्रांतातल्या बाईनं मला विचारलं, आजी, हे काय आहे, दर वर्षी रंग द्यावा लागतो. मी म्हणाले, मीठ आहे. तिला वाटलं, मी चेष्टा करते. आणि गंमत बघा, वर आमच्या माळावर आता उपशाचं पाणी आलंय, तिथं डाळिंबं आहेत, आणि वरच्या गावच्या मुली वरच मागतात. पुस्तकात मात्र ती आडवी रेघ अजून तशीच आहे, वर कोरडं, खाली हिरवं.

आबा गेले ते माझ्या घरी, बारामतीत. मला तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं, ते काय सांगतात ते आपल्याला कळतं. अक्का आली, तिचीही पाठ तोवर वाकली होती. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, अक्का त्यांच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसत होती. दोन दिवस आबा कुणाशी बोलले नव्हते. त्या दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि तिचं मनगट धरलं.

"हौसा," ते म्हणाले, "मी तुला मिठात घातली."

मी मान फिरवली. इतक्या वर्षांत हे आमच्यात कुणी तोंडानं उच्चारलं नव्हतं. अक्का फडकं पिळून घेत होती. ते तिनं वाडग्याच्या काठावर नीट ठेवलं.

"आबा, मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे मान वळवली.

"मेंढरं चाटत व्हती न्हवं, तवा मी बी चाखली व्हती माती. खारट लागली. मला ठावं व्हतं सगळं."

"मंग बोलली का न्हाईस गं?"

"मलाच जायाचं व्हतं तितं. पान्याला. त्या झिऱ्याचा लई वैताग आला व्हता."

आबांना दम लागला. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत अक्का त्यांची छाती चोळत राहिली. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, लहान पोरानं विचारावं तसं, "तुझी मर्जी व्हती?"

"व्हय आबा. माझी मर्जी व्हती."

त्यांनी तिचं मनगट सोडलं. डोळे मिटले, आणि किती दिवसांनी त्यांना शांत झोप लागली. त्यानंतर ते आणखी थोडे दिवस होते. पेज प्यायले, माझ्या मुलीला मेंढरांची नावं सांगितली, एकदा तर हसलेही. गेले तेव्हा चेहरा असा होता की बघायला आलेले लोक म्हणाले, म्हातारा सुखानं गेला.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. आम्ही दोघी मागच्या दारी तांदूळ निवडत बसलो होतो. मला राहवेना. माझ्या मनात राग होता, खरंच सांगते. एवढं माहीत असून अक्का बोलली नाही, आणि आबा उभा जन्म उन्हात चर खणत राहिले, हे मला सोसवत नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, तू चाखली होतीस माती, तर मला तरी सांगायचंस."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "कुटली माती?"

"तूच म्हणालीस ना आबांना."

"मला काय सपान पडलं व्हतं माती चाखायला? मी काय मेंढरू हाय?" तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तात्यांनी सांगितलं तवा कळलं मला. तू बी तितंच बसली व्हतीस की."

मी विचारलं, "आणि मर्जीचं?"

अक्कानं सूप खाली ठेवलं.

"शेवंते, माझी मर्जी हाय का न्हाय हे माझ्या बापानं जन्मात एकदाच इचारलं," ती म्हणाली. "ते बी मरताना. न्हाय कसं म्हनू गं?"